डावी चकली

अंधेरी स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला 'सेंट कायतान कॉलेज' म्हणून सांगितलं, की तो तोंडाकडे बघत राहायचा. 'चकली कॉलेज' म्हटलं की निमूटपणे मीटर पाडायचा. हे नाव पोरांनी ठेवलेलं आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. कॉलेजच्या दर्शनी भिंतीच्या माथ्यावर, क्रुसाच्या दोन्ही अंगांना, माणसापेक्षा उंच अशी चुन्याची दोन वेटोळी होती. खालून झोकात चढत यायची आणि वर येऊन स्वतःभोवतीच गुंडाळून बसायची. त्यांच्या खाली पिळाचे खांब, खांबांवर द्राक्षाचे वेल आणि मधूनमधून गुबऱ्या गालांचे देवदूत. पोर्तुगीज पाद्र्यांनी बांधलेली ही वास्तू आधी पाद्री घडवायची शाळा होती, मग हायस्कूल झाली आणि शेवटी विद्यापीठाचं कॉलेज. भिंतीला मात्र यातलं काही कळलेलं नव्हतं. ती आपली पहिल्या दिवसासारखीच नटून उभी होती, फक्त आताशा झडत होती.

ती किती झडते हे साऱ्या कॉलेजात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस म्हणजे जानकी. हुद्दा सफाई कामगार. सकाळी साडेसहाला ती भिंतीच्या पायथ्याची उघडी दर्शनी ओसरी झाडायला घ्यायची आणि पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या आत फरशी आरशासारखी करून ठेवायची. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही. झाडता झाडता खपल्या यायच्या. इतर कोणी त्या केरात लोटल्या असत्या. जानकी मात्र वाकून उचलायची, उलटीसुलटी करून बघायची, वर बघायची आणि मनाशी म्हणायची, हा देवदूताचा गाल. ही वेलाची शेंडी. हा उजव्या चकलीचा काठ. मग तो तुकडा जिन्याखालच्या बिस्किटांच्या डब्यात जायचा. डबे सात झाले होते आणि कुठल्या डब्यात भिंतीचा कुठला भाग, हे ती झोपेतही सांगू शकली असती. कशासाठी जमवतेस, असं कोणी विचारलं असतं तर तिला उत्तर देता आलं नसतं. चांगल्या हातचं काम केरात टाकवत नाही, एवढंच.

हे हात ओळखायला ती शिकली होती बापाकडून. आचऱ्याचा धोंडिराम मेस्त्री म्हणजे चुन्याचा गवंडी. देवळांचे कळस, तुळशीवृंदावनं, एकदा तर वेंगुर्ल्याकडे एका चर्चची कमानसुद्धा. पोटी मुलगा नाही, म्हणून जानकीच चुना वाटायची, साचा धरायची, आणि बापाची कंबर धरली त्या वर्षी तर एका वृंदावनाची नक्षी तिनेच ओढली. गावाला सांगितलं धोंडिरामानेच केली म्हणून. पुढे लग्न झालं, नवरा काशीराम मुंबईत गिरणीत, बिऱ्हाड गुंदवलीच्या चाळीत. मुंबईत चुन्याचं काम कोण विचारतो? बापाची थापी ट्रंकेच्या तळाशी गेली आणि हातात झाडू आला. जानकीने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण ओसरी झाडताना ती मान वर करून बघायची, ते देवाकडे नव्हे.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात डाव्या चकलीचा हातभर तुकडा मोकळ्या अंगणात कोसळला. कोणाला लागलं नाही, पण विश्वस्तांची झोप उडाली. तातडीने बैठक बसली आणि राजाराम कंत्राटदाराला बोलावणं गेलं. राजाराम काही वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला जगात सरळ रेषेपलीकडे काही दिसत नसे. त्याने खालूनच बघून निकाल दिला. "दोन्ही काढून टाकू साहेब. वर सरळ सिमेंटची भिंत. झकास दिसेल, आणि मागे पाण्याची टाकीपण बसेल." विश्वस्तांना टाकीची कल्पना फार आवडली. ठरलं, की तूर्त राजारामने उजव्या चकलीला सिमेंट थापून ती घट्ट करायची, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टच्या बैठकीत मंजुरी घेऊन दोन्ही उतरवायच्या.

हेडक्लार्कने ही बातमी चहा पिताना सांगितली. जानकीने हातातली बादली खाली ठेवली, जिन्याखालून डाव्या चकलीचा डबा काढला आणि सरळ प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये गेली.

प्रिन्सिपॉल म्हणजे फादर परेरा. मूळचे मरोळ गावठाणातले, मराठी तुमच्याआमच्यासारखं बोलणारे. इतिहासाच्या पद्मजाबाई तेव्हा काही कागद घेऊन तिथे बसल्या होत्या. जानकीने कोणाला काही विचारलं नाही. फादरांच्या टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि डब्यातले तुकडे एकाला एक लावत गेली. बावीस तुकडे झाले तेव्हा टेबलावर चकलीच्या काठाची अख्खी कमान उमटली. गोलाई, खाच, मग बारीक कंगोरा, मग पुन्हा गोलाई.

"फादर, डावी चकली मला द्या," जानकी म्हणाली. "मी बांधते."

फादर खुर्चीत पुढे सरकले. "तू? जानकी, अगं ते चाळीस फूट उंच आहे."

"उंचीचं काय, परांची बांधली की झालं. काम मला येतं. माझा बाप हेच करायचा."

पद्मजाबाई खुर्चीवरून उठून त्या तुकड्यांवर वाकल्या होत्या. "फादर, या शैलीला बरोक म्हणतात, हे मी अठरा वर्षं वर्गात शिकवतेय," त्या म्हणाल्या. "मूळ पोर्तुगीज शब्द वाकड्या मोत्याचा. पण आपल्या भिंतीचा कंगोरा कसा आहे, हे मी आज पहिल्यांदा बघतेय."

फादरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "पगार सफाईचाच मिळेल. काम ड्यूटी संपल्यावर. आणि ऑगस्टात विश्वस्त येतील तेव्हा ती टिकलेली दिसली पाहिजे. नाही टिकली, तर दोन्ही जातील. मी काही करू शकणार नाही."

"टिकेल," जानकी म्हणाली.

घरी काशीरामला सांगितलं तेव्हा तो भडकला. संपानंतर गिरणी उघडलीच नव्हती आणि दोन वर्षं तो मिळेल तिथे बदलीचा वॉचमन होता. माणूस घरी बसला की त्याला लोकांचं फार दिसायला लागतं. "तू येडी झालंस काय गो? झाडू मारूचो सोडून परांचेर चढतलंस? लोक काय म्हणतले?"

"लोकांका खालसून बघू देत," जानकी म्हणाली. "मी चढतलंय. आणि घमेला तू चढवतलस."

तिसऱ्या दिवशी त्याने कुठूनसे बांबू आणले.

चुना बाजारात पोत्याने मिळत होता, पण धोंडिरामचा चुना शिंपल्यांचा असायचा. लोण्यासारखा मऊ, आणि बसला की दगडाच्या वर. शिंपल्या कोण देणार? खारदांड्याची सरूबाई. ती रोज कॉलेजच्या गेटजवळ मासळीची पाटी घेऊन बसायची आणि गेली अकरा वर्षं जानकीशी रोज भांडून तिला रोज चार बोंबील जास्त द्यायची. जानकीने मागणी सांगितली तेव्हा सरूबाईने कोयता खाली ठेवला.

"मासली नको, शिंपल्या पायजे? बरी हायस ना गो?"

जानकीने सगळं सांगितलं. वाकड्या मोत्याचंसुद्धा.

"वाकडा मोती कोन घेतो?" सरूबाई म्हणाली. पण आठ दिवसांत दांड्याच्या घराघरांतून तिसऱ्यांच्या शिंपल्यांची पोती जमा झाली.

कॉलेजच्या मागच्या आवारात काशीरामने भट्टी लावली. शिंपल्या भाजल्या, पाणी मारून फोडल्या, चुना हौदात मुरत घातला. मग बारीक रेती, विटेचा भुगा, गूळ, बेलफळाचा गर आणि चिरलेला काथ्या. जानकी तो पाट्यावर वाटायची, दुपारी दोन ते पाच, आणि वाटता वाटता तिच्या मनगटांत तीस वर्षांपूर्वीची लय परत आली. पत्रा कापून तिने कंगोऱ्याचा साचा केला आणि डिसेंबरात ती साडीचा काचा मारून वर चढली. खाली पोरं उभी राहून बघत. पहिल्या दिवशी शिट्ट्या झाल्या. चौथ्या दिवशी शांतता, कारण चकली दिसायला लागली होती. जानेवारीच्या मध्याला काम पुरं झालं. राजाराम आला, वर बघितलं, आणि "हात चांगला आहे बाईचा" एवढं म्हणून गेला. त्या दिवशी काशीरामने चाळीत कधी नव्हे ते स्वतःहून चार जणांना बोलावून ही बातमी सांगितली.

फेब्रुवारीत चकलीला लोणा आला.

आधी पांढरी भुकटी दिसली, पीठ सांडल्यासारखी. जानकीने बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. दुसऱ्या आठवड्यात कंगोऱ्याच्या पापड्या सुटायला लागल्या. ती परांचीवर बसली होती ती तशीच बसून राहिली, आणि तिला बापाचा आवाज ऐकू आला. शिंपल्या आणल्या की दोन पावसाळे उघड्यावर टाकायच्या, चेडवा. पावसाने मीठ धुतलं पाहिजे. लहानपणी अंगणात तो ढीग कायम असायचा. ती त्यावर चढून खेळायची. ज्यावर खेळलो ते तिथे कशासाठी आहे, हे ती विसरली होती. घाईत तिने ताज्या शिंपल्या भाजल्या होत्या, समुद्रासकट.

खालून हे कोणाला दिसत नव्हतं. पाऊस यायला चार महिने होते. चुन्याचा एक पातळ हात मारला असता तर ऑगस्टपर्यंत झाकलं गेलं असतं, निदान बैठक निभावली असती. हा विचार जानकीच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिने हातोडी घेतली आणि दीड महिन्याचं काम पहिल्या घावापासून शेवटच्यापर्यंत स्वतःच्या हाताने पाडलं. काशीराम खालून ओरडत राहिला. पाडून झाल्यावर ती चुन्याने माखलेली तशीच फादरांच्या केबिनमध्ये गेली.

"चूक माझी झाली," ती म्हणाली. "बापाने शिकवलेलं विसरले. पुन्हा करते."

"दोन पावसाळे धुतलेल्या शिंपल्या आता कुठून आणशील?" सगळं ऐकून फादरांनी विचारलं.

"ते बघते मी."

फादर तिच्या चुन्याने उललेल्या हातांकडे बघत होते. "बघ," ते म्हणाले.

पण बघायचं कुठे? मालाड-मढपर्यंत पायपीट झाली. शिंपल्या होत्या, पण सगळ्या ताज्या. दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी जानकी गेटजवळ सरूबाईच्या समोर येऊन नुसती बसली. बोंबील घेतले नाहीत की भांडली नाही. सरूबाईला ते बघवेना.

"उद्या सकाली दांड्याला ये," ती म्हणाली. "नवऱ्याला आन. आनि कुदल."

सरूबाईच्या घरासमोरचं खळं, जिथे मासळी सुकत घालतात, ते तिच्या सासूच्या सासूने शिंपल्या ठेचून भरलेलं होतं. वरून शेणामातीचा थर आणि खाली दोन हात नुसत्या शिंपल्या, किती पावसाळे प्यालेल्या कोण जाणे. सरूबाईने मासळीचे बांबू स्वतः उपटून बाजूला केले आणि खळ्याच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "हितून खना."

"सरूबाई, मासळी कुठे सुकवाल?" जानकीने विचारलं.

"दगडावर. तू खन."

जानकीने एक शिंपली उचलून जिभेवर ठेवली. चव काही नव्हती, नुसत्या दगडासारखी. तिथेच, खळ्याच्या कडेला, ती रडली. रडून झाल्यावर काशीरामच्या हातातली कुदळ घेऊन तिने पहिला घाव घातला. महिनाभराने तेच खळं तिने आणि काशीरामने चोपून, सारवून परत भरून दिलं.

डावी चकली दुसऱ्यांदा एप्रिलच्या शेवटाला उभी राहिली. ती बघायला कोणी गर्दी केली नाही. पोरं परीक्षेत होती, आणि एकदा पडलेल्या कामावर लोक पुन्हा जीव लावत नाहीत. जानकीने उरलेल्या चुन्याने डावीकडच्या खांबांच्या आणि देवदूतांच्या भेगाही भरल्या, चकली पंधरा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवली आणि रोज चढून पाणी मारलं. जूनमध्ये पाऊस लागला, जुलैत तर चार-चार दिवस खळ नव्हता. रोज सकाळी साडेसहाला जानकी ओसरीत यायची आणि झाडू हातात घ्यायच्या आधी फरशी बघायची. डावीकडे काही नाही. उजवीकडे, राजारामच्या बाजूला, खच. सिमेंटच्या कडक पापुद्र्याने आतला मऊ जुना चुना धरला नव्हता. आत पाणी कोंडून तो चुन्यासकट सुटत होता. तळहाताएवढे, पोळीएवढे तुकडे. जानकी ते उचलून बाजूला ठेवायची आणि फरशी लख्ख करायची.

जुलैच्या अखेरीस राजाराम आला. पहिल्या लेक्चरच्या वेळेला, ओसरी झाडून झाल्यावर. फादरांना घेऊन वर बघत म्हणाला, "बघा, दोन्ही तशाच उभ्या आहेत. माझीपण टिकली, बाईंचीपण. मग इतका खटाटोप कशाला? विश्वस्तांना सांगून टाकतो, चुना काय नि सिमेंट काय, सारखंच आहे, टाकीसाठी आता दोन्ही उतरवून टाका." चाळीस फुटांवरचे खड्डे काळवंडलेल्या भिंतीत खालून दिसत नव्हते. फादरांनी स्वच्छ फरशीवर उभं राहून होकाराची मान हलवली.

खांबाआड बादली घेऊन उभ्या असलेल्या जानकीला तेव्हा एक गोष्ट कळली. या भिंतीची दुर्दशा कोणाला दिसली नाही याचं कारण ती स्वतः होती. अकरा वर्षं भिंत रोज झडत होती, आणि जग जागं व्हायच्या आत ती सगळा पुरावा झाडून टाकत होती.

दुसऱ्या दिवशी तिने दर्शनी ओसरी झाडली नाही. सगळे वर्ग झाडले, जिने झाडले, स्टाफरूमचे कोपरे झाडले. ओसरी सोडून. हेडक्लार्क पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी रागावला, तिसऱ्या दिवशी त्याने मेमो टाईप केला. "जानकी, अकरा वर्षांत तुला एक शब्द बोललो नाही. आता विश्वस्त यायच्या तोंडावर काय हे?"

"सही कुठे करायची?" तिने विचारलं.

मेमोवर सही करून ती बाहेर आली. पोरांनी नाकं मुरडली. एका मास्तरांनी तिला ऐकू जाईल अशा आवाजात आळशी म्हटलं. हे तिला लागलं. मेमोपेक्षा जास्त लागलं, कारण आपली फरशी अस्वच्छ आहे हे तिलाच सर्वांत आधी दिसत होतं, आणि रोज सकाळी हात शिवशिवायचे. एकदा तर झाडू घेऊन ती ओसरीच्या पायरीपर्यंत गेलीसुद्धा. मग तो पायरीवर आडवा ठेवला आणि त्यावरच बसून राहिली. काशीरामने घरी विचारलं, "नोकरी गेली तर?" ती म्हणाली, "तर दोघांनी मिळान चुन्याची कामा करू." त्याने तिच्या हातातली भांडी घेऊन स्वतः घासली.

नवव्या दिवशी विश्वस्त आले. पाच जण, मागून फादर, पद्मजाबाई आणि राजाराम. पाऊस थांबला म्हणून छत्र्या मिटत ते ओसरीत शिरले आणि उजवीकडून चालू लागले, तसे बुटांखाली तुकडे करकरायला लागले. सगळ्यात पुढचे वयस्क विश्वस्त थांबले. फरशी पांढरी झाली होती. सिमेंटच्या पापड्या, चुन्याची ढेकळं, अर्धं द्राक्षाचं पान. "काय आहे हे? इथे झाडत नाही का कोणी?"

हेडक्लार्क पुढे होणार तोच जानकी पुढे आली. पदर खोचलेला, हात रिकामे.

"मी झाडते साहेब. आठ दिवस झाडलं नाही. हा आठ दिवसांचा केर आहे." तिने बोट दाखवलं. "ही उजवीकडची बाजू, सिमेंटची. आता डावीकडे चला."

ते तिच्यामागे गेले. का गेले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सफाई कामगाराच्या मागे विश्वस्त सहसा चालत नाहीत. वरच्या क्रुसाखालची फरशीची मधली रेघ ओलांडली आणि करकर थांबली. डावीकडच्या फरशीवर आठ दिवसांची धूळ होती, पावलांचा चिखल होता, जांभळाची पानं होती. चुन्याचा कणही नव्हता. वयस्क विश्वस्त गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बोटाने फरशी पुसून बघितली, मग सावकाश मान वर केली. राजारामनेही केली. पद्मजाबाई पुढे येऊन काहीतरी बोलणार होत्या, फादरांनी हाताने त्यांना थांबवलं.

बैठक पाऊण तास चालली. पाण्याची टाकी मागच्या आवारात गेली. उजवी चकली, खांब आणि देवदूत शिंपल्यांच्या चुन्यात दुरुस्त करायचे असं ठरलं, आणि शिंपल्या दोन पावसाळे आवारात धुऊन घ्याव्यात हे वाक्य फादरांनी ठरावात मुद्दाम घालायला लावलं. मेमो मात्र मागे घेतला गेला नाही, कारण न झाडणं हे न झाडणंच होतं. तो जानकीच्या फायलीत राहिला, तिथे दुसरा एकही कागद नव्हता.

फादर बाहेर आले तेव्हा ती त्याच पायरीवर बसली होती. त्यांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता झाडू?"

"झाड," फादर म्हणाले.

तिने उजवी बाजू झाडली. द्राक्षाचं अर्धं पान उचलून डब्यासाठी वेगळं काढलं, बाकी सगळं तीन घमेल्यांत भरलं. मग सवयीने डावीकडे गेली आणि भिंतीच्या कडेकडेने, जिथे अकरा वर्षं झाडू जड व्हायचा तिथून, झाडू फिरवला. तो हलकाच आला.